खापरपणजोबांचं गाव शोधताना: डब्लिन, क्लेअर, कोव्ह

आयर्लंडहून परत येऊन तीन आठवडे झाले. सासूबाई अजून रोज फोन करतात आणि त्या अर्जाचा फोटो पुन्हा पाठव म्हणतात, म्हणून म्हटलं आता सगळं सलग लिहूनच काढते, नाहीतर दिवस एकमेकांत मिसळून जातील.

आधी थोडं मागचं. मी साताऱ्याकडची, पाटण तालुक्यातली, लग्न होऊन सिडनीला आले त्याला १६ वर्षं झाली. नवरा इथलाच. सासूबाई ७४ वर्षांच्या, मी त्यांना नावानेच हाक मारते, इथे तशीच पद्धत आहे, पण मराठीत लिहायला बसलं की हातातून सासूबाईच उतरतं. त्यांना लहानपणापासून एकच सांगितलेलं, आपले लोक आयर्लंडहून स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आले. त्यांची आई वारल्यावर कपाट आवरताना शिवणाच्या डब्याच्या तळाशी एक चार घड्यांचा कागद निघाला, सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम, म्हणजे शिक्षा भोगून सुटल्याचा दाखला. आईला माहीत होतं, तिने मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. ऑस्ट्रेलियात कितीतरी घरांत असंच होतं, साधारण १९७० पर्यंत घरात कैदी पूर्वज म्हणजे डाग, तो लपवायचा. आता लोक अभिमानाने सांगतात.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजांचं काळं पाणी ऑस्ट्रेलियाच होतं, १७८८ ते १८६८ मध्ये साधारण १ लाख ६२ हजार कैदी तिथे नेऊन सोडले, त्यातला जवळपास चौथा हिस्सा आयरिश. सासूबाईंचे खापरपणजोबा त्यातलेच एक.

निघायच्या आधी आमच्या हातात काय होतं तर इंडेंट. जहाज सिडनीला लागलं की प्रत्येक कैद्याची नोंद व्हायची, रकाने पाडून. वय २७, उंची ५ फूट ५ इंच, डाव्या हाताच्या बोटावर जुना व्रण, लिहिता वाचता येत नाही, कॅथलिक, शेतमजूर, काउंटी क्लेअर, खटला एनिसला १८३१ साली, शिक्षा ७ वर्षं, गुन्ह्याच्या रकान्यात एकच शब्द, व्हाइटबॉय. आणि त्याच ओळीत: विवाहित, एक मुलगा, एक मुलगी. पुढे १८४० ला न्यू साउथ वेल्समध्ये त्यांनी लग्न केलं त्या चर्चच्या नोंदीत मात्र ते विधुर. सासूबाईंचं सगळं घराणं त्या दुसऱ्या लग्नाचं. पहिलीचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. सासूबाई हे फारसं बोलत नसत, पण जायचं ठरलं तेव्हा म्हणाल्या, मला त्यांचं गाव बघायचंय आणि जमलं तर तिचं नाव.

पहिला दिवस, डब्लिन

मे महिना. विमानातून उतरलो तर बारीक भुरभुर, टॅक्सीवाला म्हणाला "सॉफ्ट डे". अख्ख्या दहा दिवसांत हा शब्द इतक्यांदा ऐकला की शेवटी मीही म्हणायला लागले. पाऊस म्हणावा तर अंग भिजत नाही, नाही म्हणावा तर चष्मा पुसावा लागतो. त्या दिवशी झोपलो, चहा प्यायलो, परत झोपलो. चहाबद्दल सांगायलाच हवं, कडक आणि भरपूर दूध, मला इतकं बरं वाटलं, आपल्या चहाच्या इतक्या जवळचा चहा मला परदेशात कुठे मिळाला नव्हता.

दुसरा दिवस, बिशप स्ट्रीट

नॅशनल अर्काइव्ह्ज बिशप स्ट्रीटवर आहे. आत जायला रीडर्स तिकीट काढावं लागतं, फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दोन्ही घेऊन जा. पिशव्या लॉकरमध्ये, पेन बंद, फक्त पेन्सिल.

जाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कैद्यांना जहाजावर चढवल्याची सरकारी रजिस्टरं १८३६ पासूनचीच मिळतात. त्याआधीची ३० जून १९२२ ला जळाली, यादवी युद्धात डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स ह्या कोर्टाच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस पेटलं तेव्हा. त्याच आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद गेले. म्हणजे आमच्यासारखं १८३१ चं प्रकरण असेल तर रजिस्टरात शोधण्यात अर्थ नाही. उरतात ते अर्ज. कैद्याने किंवा त्याच्या घरच्यांनी व्हाइसरॉयकडे दयेसाठी केलेले अर्ज, ते डब्लिन कॅसलमध्ये ठेवलेले होते म्हणून वाचले. १९८८ मध्ये आयरिश सरकारने ह्या सगळ्या कागदांच्या मायक्रोफिल्म ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या, त्यांची सूची ऑनलाइन फुकट बघता येते आणि फिल्म ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या लायब्ररींतही आहेत. त्यामुळे आधी आपल्या शहरात चौकशी करा. आम्हाला सूचीत नाव सिडनीतच सापडलं होतं, पण सासूबाईंनी ठरवलं होतं की कागद बघायचा तो डब्लिनलाच.

फिल्म लावली, चाक फिरवत गेलो, आणि एका ठिकाणी सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. नाव दिसलं. पण पुढचं अक्षर त्यांनाही लागेना, नवऱ्यालाही लागेना, लांब शेपट्यांचं, ओळीत ओळ गुंतलेलं. माझे वडील तलाठी होते. लहानपणी शाळा सुटली की मी चावडीतच असायचे, जुने फेरफार, कुणाकुणाच्या हाताची गिचमिड, वडील म्हणायचे अक्षर वाचू नको, आधी ओळीचा सूर पकड. तेच केलं. पाच-सहा ओळी नुसतं टक लावून बघितलं, त्याचा 'आर' कसा, 'एस' कसा ते पकडलं आणि मग हळूहळू वाचत गेले, सासूबाई पेन्सिलने लिहून घेत होत्या.

अर्ज बायकोचा होता. जुलै १८३१. लॉर्ड लेफ्टनंट म्हणजेच व्हाइसरॉय, तेव्हा मार्क्विस ऑफ अँगलसी, त्यांच्या नावाने. लिहिला दुसऱ्या कुणीतरी, गावातल्या मास्तराने नाहीतर पैसे घेऊन अर्ज लिहिणाऱ्याने, भाषा एकदम दरबारी. नवरा निर्दोष आहे, त्या रात्री तो घरी होता, घरात दोन लेकरं आणि त्याची म्हातारी आई, त्याच्या कमाईवाचून सगळे उघड्यावर पडतील. आणि शेवटच्या चार ओळींत, सरकारला दया करायचीच नसेल तर निदान मला आणि दोन्ही लेकरांना त्याच्याबरोबर त्याच जहाजातून जाऊ द्या.

खाली सही नाही. फुली. फुलीच्या एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला आडनाव, फुलीच्या वर लिहिलेलं "तिची" आणि खाली "खूण". नाव, आडनाव, तिची, खूण हे सगळं त्या लिहिणाऱ्याच्या सुंदर तिरक्या अक्षरात, आणि मध्ये ती फुली. एक रेघ लांब आणि बारीक, दुसरी आखूड, शेवटी शाईचा ठिपका पसरलेला, पेन तिथे टेकलं आणि उचलायचं राहिलं असावं. मला एकदम वडिलांच्या टेबलावरचा शाईचा पॅड दिसला, बायका पदराला बोट पुसत उभ्या राहायच्या आणि वडील अंगठ्याच्या शेजारी लिहायचे, नि. डा. हा. अं., निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मी सासूबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुझ्याकडेही.

अर्जाच्या पाठीवर कारकुनाचा शेरा होता, कायदा आपलं काम करील, एवढाच. असा शेरा ह्या फिल्ममध्ये पानोपान आहे.

बाहेर आलो तर सासूबाई फुटपाथवर थांबल्या आणि म्हणाल्या, तिला जायचं होतं गं. एवढंच. त्या दिवशी आम्ही दुसरं काही केलं नाही.

तिसरा दिवस

किल्डेअर स्ट्रीटवरची नॅशनल लायब्ररी. इथे वंशावळीसाठी सल्ला देणारा विभाग आहे, फुकट, आणि तिथली माणसं मनापासून वेळ देतात. कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं साधारण १८८० पर्यंतची लायब्ररीने स्कॅन करून २०१५ पासून ऑनलाइन टाकलीयत, तीही फुकट. तिथल्या बाईंनी आम्हाला एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली, आयरिश बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव सहसा माहेरच्या आडनावानेच असतं. नवऱ्याच्या आडनावाने शोधत बसलात तर आई सापडतच नाही.

आम्हाला सापडली. किल्नाबॉयच्या बाजूच्या नोंदींत, मुलगी १८२७, मुलगा १८२९. वडिलांचं नाव, आईचं नाव, माहेरचं आडनाव, दोन साक्षीदार, आणि टाउनलँडचं, म्हणजे तिथल्या शिवाराचं नाव. सासूबाईंनी तिचं माहेरचं नाव तीन वेळा मोठ्याने म्हटलं, शेजारच्या टेबलवरच्या माणसाने वर बघितलं आणि हसून मान हलवली, तिथे बसलेल्या सगळ्यांचं तेच चाललेलं असतं.

दुपारी किल्मेनम जेल बघितला, १७९६ ते १९२४ चालू होता, काळं पाणी झालेले कितीतरी कैदी इथे थांबवले जायचे. तिकीट आधी ऑनलाइन काढा, दारात मिळेलच असं नाही.

चौथा दिवस, एनिस

ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन, लिमरिकमार्गे एनिस. शहर छोटं, गल्ल्या अरुंद, दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. मधल्या चौकात उंच खांबावर कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॅनियल ओकॉनेलचा पुतळा आहे. १८२८ ची गाजलेली क्लेअरची पोटनिवडणूक ह्यांनी जिंकली आणि पुढच्या वर्षी कॅथलिकांना पार्लमेंटची दारं उघडली. आम्ही त्या खांबाच्या पायरीवर बसून सँडविच खाल्लं आणि मग लायब्ररीत गेल्यावर कळलं की तो खांब जुन्या कोर्टाच्या जागेवर उभा आहे. म्हणजे खटला इथेच. नवरा उठून परत गेला आणि एकटाच बराच वेळ तिथे उभा राहिला.

क्लेअरच्या लायब्ररीचा स्थानिक इतिहासाचा विभाग फार चांगला आहे, आणि त्यांनी वेबसाइटवर इतकं टाकलंय की निघायच्या आधी आठवडाभर तिथेच घालवावा. १८३१ मध्ये नेमकं काय झालं ते आम्हाला इथे नीट समजलं.

जमिनी मोठ्या मालकांच्या. गुरांना भाव चांगला म्हणून त्यांनी जमिनी कुरणाला टाकलेल्या. मजुराला स्वतःची जमीन नाही, त्याचं सगळं पोट बटाट्यावर, आणि बटाट्यासाठी एका हंगामापुरता तुकडा खंडाने घ्यायचा, त्याला कॉनेकर म्हणतात. खंड फेडायला वर्षभर मजुरी करायची. त्या हिवाळ्यात तुकडेच मिळेनात. मग रात्री शे-दोनशे माणसं फावडी घेऊन जमायची आणि मालकाचं कुरण उकरून ठेवायची. गवतच गेलं तर ती जमीन बटाट्याला देण्यावाचून मालकाला गत्यंतर नाही असा हिशेब. ह्या लोकांना टेरी ऑल्ट म्हणायचे. नाव कोरोफिनमधल्या एका जोडे शिवणाऱ्याचं, असं सांगतात की तो बिचारा अगदी सरकारनिष्ठ माणूस, कुठे मारामारी झाली तेव्हा कुणीतरी थट्टेने "शाब्बास टेरी" ओरडलं आणि ते नाव सगळ्यांना चिकटलं. बंदुका चोरणं, घरांवर हल्ले, खूनही झाले, ते काही साधं प्रकरण नव्हतं. सरकारने खास कमिशन बसवून एनिसला खटले चालवले, काहींना फाशी, कितीतरी जणांना काळं पाणी. व्हाइटबॉय हा अशा रात्रीच्या दंग्यांविरुद्धच्या कायद्यातला जुना शब्द.

मी कुळांच्या तंट्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली, आमच्या आजोबांनी कूळ म्हणून कसलेली जमीन कूळकायद्यात त्यांच्या नावावर झाली. गवत उकरलं म्हणून माणसाला जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं, हे वाचल्यावर मला तिथे बसवेना.

पाचवा दिवस, चुकलेला

गाडी भाड्याने घेतली आणि फोनवर टाउनलँडचं नाव टाकून निघालो. तासाभराने पोचलो. समुद्राचा वारा, सुंदर जागा, आणि चुकीची. एकाच नावाची टाउनलँड एकाच काउंटीत दोन-तीन असू शकतात. तेव्हा नावाबरोबर सिव्हिल पॅरिश आणि बॅरनी, म्हणजे काउंटीचे जुने लहान-मोठे भाग, लिहून घेतल्याशिवाय निघू नका. आमची बॅरनी इंचिक्विन, आणि आम्ही भलतीकडेच.

टाउनलँड म्हणजे काय हे मला समजायला वेळ लागला. आपण वाडी म्हणतो तेव्हा घरं डोळ्यासमोर येतात. इथे घर एकही नसलं तरी त्या जमिनीच्या तुकड्याला नाव असतं, हद्द असते, ओढा नाहीतर बांध. शिवार म्हणणं जास्त बरोबर. देशभर अशी ६० हजारांहून जास्त नावं आहेत.

पण चुकलो म्हणून तिथली एक बाई भेटली, मेंढ्यांना हाकत चाललेली. तिने आम्हाला ओट्यावर बसवून चहा आणि घरचा सोडा ब्रेड दिला, जाडसर, गव्हाच्या कोंड्याचा, वर हे एवढं लोणी. माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी होती, प्रवासात ती असतेच. लोण्यावर चटणी भुरभुरून दिली तर तिने डोळे मिटून खाल्लं आणि पुडी मागून घेतली. सासूबाईंनी तिला सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, आमचेही दोघं गेले, पण कुठे ते कळलं नाही.

संध्याकाळी कोरोफिनला पोचलो. आमच्या बी अँड बीच्या मालकीणबाईंनी जेवायला बेकन, कोबी आणि बटाटे केलेले. मी बेकन खात नाही, बटाटे मात्र पोटभर खाल्ले. पिठूळ जात, सालासकट उकडलेले, साल तडकून आतलं पांढरं बाहेर आलेलं. त्या म्हणाल्या, बटाटा असा हसला पाहिजे.

सहावा दिवस, टाउनलँड

सकाळी कोरोफिनमधल्या हेरिटेज सेंटरमध्ये गेलो, जुन्या चर्चच्या इमारतीत म्युझियम आहे, आणि क्लेअरच्या घराण्यांचा शोध ते फी घेऊन करून देतात. तिथे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनचा नकाशा आमच्यासाठी काढून दिला. १८४७ ते १८६४ मध्ये सगळ्या आयर्लंडची जमीन आकारणीसाठी मोजली ती ही. मी पान बघितलं आणि हसले, अगदी सातबारा. नकाशातला नंबर, वहिवाटदाराचं नाव, ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव, घर-गोठा-जमीन काय आहे ते, क्षेत्र, आकार. नवऱ्याला आणि सासूबाईंना मीच रकाने समजावले.

आमच्या टाउनलँडच्या पानावर तिचं नाव नव्हतं. मुलाचंही नाही, सासरच्या आडनावाचं कुणीच नाही. सेंटरमधल्या माणसाने शांतपणे दोन आकडे सांगितले. १८४१ ला क्लेअरची लोकसंख्या २ लाख ८६ हजार, १८५१ ला २ लाख १२ हजार. मध्ये बटाट्यावरचा रोग आणि दुष्काळ. आज क्लेअरमध्ये १ लाख २८ हजार माणसं राहतात.

मग निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला हॉथॉर्न पांढराशुभ्र फुललेला, मागे बरेनचा राखाडी चुनखडीचा डोंगर. शेतात मधोमध एखादं एकटं हॉथॉर्न दिसतं, त्याला कुणी हात लावत नाही, ते परींचं झाड. एनिसजवळ लटूनला १९९९ मध्ये असं एक झाड नव्या हायवेच्या आड येत होतं, लोकांनी आवाज उठवला आणि ते झाड वाचवलं, आजही हायवेच्या कडेला आहे. आपल्या देवराईत लाकूड तोडत नाहीत ते आठवलं.

फाटकाशी एक म्हातारे शेतकरी उभे होते, सेंटरमधून त्यांना आधीच फोन गेला होता. सासूबाईंचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, घरी आलात, या. त्यांचं आडनाव वेगळं, दुष्काळानंतर त्यांच्या लोकांनी ही जमीन घेतलेली, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. नंतर आम्हाला वरच्या कुरणात नेलं. घराचं काहीच उरलं नाहीये, एका कोपऱ्यात चार दगड, त्यात नेटलचं, अंगाला लागलं की आग होते त्या झुडपाचं रान. म्हणाले, जिथे नेटल माजतं तिथे माणसं राहत होती असं समजा.

मग म्हणाले थांबा, ऊन तिरकं होऊ द्या. मे महिन्यात तिकडे रात्री साडेनऊलाही उजेड असतो. आठच्या सुमारास ढग बाजूला झाले, ऊन कुरणावर आडवं पडलं, आणि सपाट हिरव्या गवतावर एकदम पट्टे उमटले. एक उजेडाचा, एक सावलीचा, हातभर-दीड हात रुंद, डोंगराच्या उतारावर वरून खालपर्यंत समांतर. बटाट्याचे वाफे, हाताने फावड्याने केलेले. दुष्काळाच्या आधीपासून तसेच गवताखाली आहेत, नंतर कुणी नांगर घातलाच नाही. मी वाकून हात ठेवला तर उंचवटा तळव्याला लागत होता. सासूबाई एका सरीतून सावकाश चालत खालपर्यंत गेल्या आणि शेजारच्या सरीतून परत वर आल्या, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी हात धरू दिला नाही.

त्या शेतकऱ्यांच्या गोठ्यात एक जुनं लॉय, म्हणजे तिकडचं फावडं होतं, लांब दांडा, अरुंद लोखंडी पातं, पाय द्यायला एकाच बाजूला जागा. उचलून बघितलं, जड आहे. अंधारात, पावसात, पकडले जाण्याच्या भीतीत शंभर जण हे घेऊन दुसऱ्याचं गवत उलथतायत. खापरपणजोबा त्यात होते की त्या रात्री खरंच घरी होते, हे आता बायकोच्या अर्जावर विश्वास ठेवण्यावर आहे. सासूबाई म्हणाल्या, मी ठेवते.

येताना किल्नाबॉयच्या पडक्या चर्चच्या दफनभूमीत थांबलो. नावं कोरलेल्या शिळा श्रीमंतांच्या. गरिबांसाठी नुसते शेतातले धोंडे उभे केलेले, अक्षर नाही. ती ह्यातल्या कुठल्या धोंड्याखाली असेल किंवा नसेलही. सासूबाई प्रत्येक धोंड्याशी थांबल्या.

आठवा दिवस, कोव्ह

मधला एक दिवस गाडीत आणि पावसात गेला. कॉर्कहून कोव्हला लोकल ट्रेनने साधारण २५ मिनिटं लागतात, गाडी न्यायची गरज नाही. नाव लिहिताना वेगळं दिसतं पण म्हणायचं कोव्ह. व्हिक्टोरिया राणी १८४९ ला आली म्हणून मध्ये बरीच वर्षं क्वीन्सटाउन होतं. टायटॅनिकचं शेवटचं बंदर हेच, त्यामुळे गर्दी सगळी त्याची.

स्पाइक आयलंडला बोटीने जाता येतं, केनेडी पिअरवरून, तिकिटात बोट धरलेली असते, अर्धा दिवस ठेवा आणि वाऱ्याचं जॅकेट घ्या. पण एक ध्यानात ठेवा, तिथला कैदी डेपो १८४७ ला सुरू झाला. तुमचा माणूस त्याच्या आधीचा असेल तर तो स्पाइकवर नव्हता. १८३० च्या आसपासचे दक्षिणेकडचे कैदी ह्याच बंदरात नांगरलेल्या सरप्राइझ नावाच्या जुन्या जहाजावर कोंडलेले असायचे, ऑस्ट्रेलियाचं जहाज येईपर्यंत. आता तिथे नुसतं पाणी.

आम्ही धक्क्यावर बसून राहिलो. कोरोफिन ते कोव्ह, आम्ही गाडीने चार तासांत आलो, तिला दोन लेकरं घेऊन चालत यावं लागलं असतं, आणि ती आली का, आली तर जहाज दिसलं का, कोण सांगणार. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला नंतर सरकारकडे अर्ज करून बायकामुलांना फुकट आणवता येत असे, काहींनी आणवलं. खापरपणजोबांनी असा अर्ज केला होता का ते आम्ही सिडनीच्या दप्तरात परत बघणार आहोत. नवरा म्हणाला, केला नसेल तर? सासूबाई म्हणाल्या, तर तेही लिहायचं.

परतीचं

ऑस्ट्रेलियात उतरताना एक काळजी घ्या, बुटांना शेतातली माती असेल तर कार्डावर लिहा, लपवू नका, दंड मोठा असतो. सासूबाईंनी आपले बूट मुद्दाम पुसले नव्हते. एअरपोर्टवर त्यांनी ते स्वतःच काढून टेबलावर ठेवले. अधिकाऱ्याने आत नेऊन धुतले आणि ओले बूट प्लास्टिकच्या पिशवीत परत दिले. त्यांनी त्याला काही सांगितलं नाही, नुसतं थँक्यू म्हटलं.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर टेबलावर घराण्याचा मोठा तक्ता पसरलेला, १८४० च्या लग्नापासून सुरू होणारा. खापरपणजोबांच्या नावाच्या डावीकडे जागाच सोडलेली नव्हती. म्हणून त्यांनी एक वेगळा कागद कापून सेलोटेपने तिथे जोडला होता. त्यावर तिचं नाव, माहेरचं आडनाव, खाली मुलगी १८२७, मुलगा १८२९, आणि मृत्यूच्या रकान्यात पेन्सिलने एक बारीक रेघ, पुढे भरायला. माझ्या हातात पेन्सिल देऊन म्हणाल्या, तू ते तुमच्या चावडीतलं जे सांगितलंस ना, ते बाजूला तुझ्या लिपीत लिही. मी लिहिलं.